शंभर टक्के पूर्ण : शिक्षकांच्या ऑनलाइन प्रशिक्षणाचा आढावा

‘आपल्या केंद्राचे काम अजून मागे आहे, आज रात्रीपर्यंत सर्वांनी कोर्स पूर्ण करून प्रमाणपत्राचा स्क्रीनशॉट गटावर टाकावा’ अशा धाटणीचा निरोप आणि त्याखाली शाळानिहाय टक्केवारीचा तक्ता महाराष्ट्रातल्या प्राथमिक शिक्षकांना नवा नाही. मागे पडलेल्या शाळांच्या ओळी लाल रंगात असतात. निरोप आला की पुढचे सगळे ठरल्यासारखे होते. मोबाइलवर व्हिडिओ चालू ठेवून शेजारी वह्या तपासल्या जातात, शेवटच्या चाचणीची उत्तरे कुणाच्या तरी ब्लॉगवर किंवा यूट्यूबवर सापडतात, प्रमाणपत्र उतरते, तक्त्यातली लाल ओळ हिरवी होते आणि तालुका शंभर टक्क्यांवर पोचतो. एवढे झाल्यावरही प्रशिक्षणाच्या बैठकांत एकच तक्रार ऐकू येते : शिक्षक उदासीन आहेत, त्यांना शिकायला नको असते, ऑनलाइन तर नकोच असते, त्यांना तयार कसे करायचे? हा प्रश्न जगभर विचारला जातो आणि त्यावर पुष्कळ लिहिलेही गेले आहे. ते सगळे समोर ठेवून पाहिले, तर प्रश्नच उलटा धरला गेला आहे असे दिसते. शिक्षकांची नाखुशी हा बहुतेक वेळा त्या प्रशिक्षणाबद्दलचा त्यांचा निकाल असतो आणि तो बऱ्याच अंशी बरोबर असतो. तो बदलायचा तर पाठपुरावा वाढवून भागणार नाही. शिकलेल्या गोष्टीचा उद्याच्या तासाशी संबंध जोडावा लागेल आणि तो जोडून द्यायला शिक्षकाजवळ एखादे माणूस असावे लागेल.

नोकरीतल्या शिक्षकाने शिकत राहिले पाहिजे, ही अपेक्षा जुनी आहे. कोठारी आयोगाने (१९६४–६६) दर पाच वर्षांत दोन-तीन महिन्यांचे सेवांतर्गत शिक्षण सुचवले होते. तंत्रज्ञानाची वाटही आपण समजतो तितकी नवी नाही. १९७५–७६ मध्ये ‘साइट’ प्रकल्पात उपग्रहामार्फत सहा राज्यांतल्या सुमारे २,४०० खेड्यांत दूरचित्रवाणी पोचली, तेव्हा त्याच संचांवरून हजारो प्राथमिक शिक्षकांना विज्ञान कसे शिकवावे याचे बारा दिवसांचे प्रशिक्षण दिले गेले. त्याची रचना आज पुन्हा पाहण्यासारखी आहे. शिक्षकांना नुसते पडद्यासमोर बसवलेले नव्हते. दूरचित्रवाणीच्या जोडीला आकाशवाणीचे कार्यक्रम होते, छापील साहित्य होते, हाताने करून पाहायचे प्रयोग होते आणि केंद्रावर शंका सोडवायला माणूस होता. पुढच्या काळात मात्र प्रशिक्षण म्हटले की दुसरेच चित्र रूढ झाले. राज्यातून जिल्ह्याला, जिल्ह्यातून तालुक्याला, तालुक्यातून केंद्राला अशा पायऱ्यांनी उतरणारा वर्ग आणि प्रत्येक पायरीवर थोडा थोडा पातळ होत जाणारा आशय. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सुरू झालेल्या ‘निष्ठा’ कार्यक्रमाने देशातल्या सुमारे ४२ लाख शिक्षकांपर्यंत याच पद्धतीने जायचे ठरवले होते. करोना आला आणि २०२० च्या ऑक्टोबरमध्ये तो सगळा कार्यक्रम अठरा मॉड्यूलमध्ये बसवून ‘दीक्षा’वर चढवला गेला. दीक्षा हे व्यासपीठ २०१७ च्या शिक्षक दिनी सुरू झाले होते, ते आता आयतेच कामी आले. २०२० मध्येच नव्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने प्रत्येक शिक्षकाने वर्षाला किमान ५० तासांचा व्यावसायिक विकास करावा असे म्हटले. पन्नास तास आणि तेही लाखो शिक्षकांचे, म्हटल्यावर ऑनलाइनशिवाय दुसरा मार्ग प्रशासनाला दिसला नाही, यात नवल नाही. एकट्या महाराष्ट्रात सात लाखांहून अधिक शिक्षक आहेत.

नाखुशीचे पहिले स्पष्टीकरण सहसा तंत्रज्ञानाचे दिले जाते. शिक्षकांना मोबाइल नीट वापरता येत नाही, वयस्कर शिक्षक घाबरतात, खेड्यात रेंज नसते. यातली रेंजची अडचण खरी आहे. देशातल्या निम्म्याच्या आसपास शाळांत २०२३–२४ सालीही इंटरनेट नव्हते, असे सरकारचीच ‘यूडायस’ आकडेवारी सांगते, आणि बहुतेक शिक्षक हे कोर्स स्वतःच्या फोनवर, स्वतःच्या डेटावर करतात. पण भीतीचे स्पष्टीकरण महाराष्ट्रात तरी टिकत नाही. याच राज्यात २०१५–१६ पासून ‘तंत्रस्नेही शिक्षक’ हा शब्द गावोगावी रुळला. जिल्हा परिषदेच्या शिक्षकांनी कुणी न सांगता ब्लॉग काढले, कवितांना चाली लावून व्हिडिओ केले, ऑफलाइन चालणारी अ‍ॅप तयार केली, प्रश्नपत्रिकांची देवाणघेवाण करणारे शेकडो व्हॉट्सअ‍ॅप आणि टेलिग्राम गट चालवले. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या शाळेत रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकाला क्यूआर कोड जोडले आणि २०२० मध्ये त्यांना ‘ग्लोबल टीचर प्राइझ’ मिळाले. हे ठळक उदाहरण झाले, पण त्याच्यामागे नाव न झालेले हजारो शिक्षक आहेत. भागाकार कसा समजवावा हे रात्री दहा वाजता यूट्यूबवर शोधणारा शिक्षक आणि कोर्सचा व्हिडिओ आवाज बंद करून चालवणारा शिक्षक ही पुष्कळदा एकच व्यक्ती असते. गंमत अशी की, चाचणीच्या उत्तरांचा व्हिडिओ तयार करून तो राज्यभर पोचवायलाही चांगलेच तंत्रकौशल्य लागते. मग अडते कुठे?

त्यासाठी कोर्सच्या आतच डोकावले पाहिजे. निष्ठाच्या नंतरच्या टप्प्यांत एक कोर्स साधारण तीन-चार तासांचा असे. त्यात व्हिडिओ, वाचायचा मजकूर, अधूनमधून एखादी कृती आणि शेवटी बहुपर्यायी चाचणी. चाचणीत सत्तर टक्के गुण मिळाले की प्रमाणपत्र आणि त्यासाठी तीन संधी. आशय वाईट नव्हता. पायाभूत साक्षरता, समावेशन, मूल्यमापन, लैंगिक समानता असे महत्त्वाचेच विषय होते आणि त्यांतले काही मजकूर विचारपूर्वक लिहिलेले होते. पण तो सगळ्यांसाठी एकच होता. मुंबईच्या उपनगरातली साठ मुलांचा वर्ग सांभाळणारी शिक्षिका आणि मेळघाटातल्या दोनशिक्षकी शाळेत पहिली ते चौथी एकत्र घेणारा, मुलांची कोरकू कानावर पडत असताना मराठी शिकवणारा शिक्षक, या दोघांसमोर तीच पाने उघडत होती. दुसऱ्या शिक्षकाचा खरा प्रश्न असतो चार इयत्ता एका खोलीत कशा बसवायच्या. त्याला उत्तर मिळते ते अध्ययन निष्पत्तींची व्याख्या. शिवाय इंग्रजी-हिंदीतून उतरवलेली मराठी अशी की वाक्य दोनदा वाचल्यावाचून कर्ता सापडू नये. या सगळ्याच्या शेवटी जी चाचणी होती, ती वर्गात काय बदलले हे विचारत नव्हती, व्याख्या आठवते का एवढेच विचारत होती. अशा चाचणीची उत्तरे पाहून लिहिणे हा नैतिक ऱ्हास वगैरे म्हणण्यापेक्षा वेळेचा हिशेब आहे. ज्या कामाचा परिणाम कुणीच पाहणार नाही, ते कमीत कमी वेळात उरकावे, हे कुठल्याही कचेरीतले शहाणपण शिक्षकालाही सुचते.

जे मोजले जाते तेच तयार होते, हे शिक्षण खात्याला इतर ठिकाणीही अनुभवाला आले आहे. कार्तिक मुरलीधरन आणि अभिजित सिंग या अर्थतज्ज्ञांनी मध्य प्रदेशातल्या शाळा-सुधार कार्यक्रमाचा मोठा प्रयोगाधारित अभ्यास केला. शाळांचे मूल्यमापन झाले, सुधारणेचे आराखडे लिहिले गेले, कागद चोख तयार झाले. शिकवण्यात आणि मुलांच्या शिकण्यात मात्र फरक दिसला नाही. आणि कागदावर इतके यशस्वी ठरलेले ते प्रारूप पुढे मोठ्या प्रमाणावर राबवले गेले. पूर्णत्वाची टक्केवारी हा तसलाच कागद आहे. तिच्यावरून तालुक्यांची तुलना करता येते, वरच्या बैठकीत सादरीकरण करता येते आणि खालच्या माणसाला जाब विचारता येतो. कोर्स करणाऱ्या शिक्षकाचा वर्ग मात्र त्या तक्त्यात कुठल्याच रकान्यात नसतो.

संशोधन काय सांगते? इथे काही अभ्यास एकमेकांशेजारी ठेवले तर चित्र बऱ्यापैकी स्पष्ट होते. पहिला मुद्दा थॉमस गस्की यांचा, १९८६ चा. आधी शिक्षकाची वृत्ती बदलायची, मग तो वेगळे शिकवेल आणि मग मुले शिकतील, या समजुतीवर बहुतेक प्रशिक्षणे उभी असतात. गस्की म्हणाले की, क्रम उलटा आहे. शिक्षक एखादी पद्धत वापरून पाहतो, आपल्याच वर्गातली मुले शिकताना त्याला दिसतात आणि त्यानंतर त्याचा विश्वास बदलतो. प्रेरणा आधी हवी हा आग्रहच चुकीचा, असा याचा अर्थ होतो. महाराष्ट्रात याचा मोठा पुरावा २०१५ च्या आसपास मिळाला होता. सातारा जिल्ह्यातल्या कुमठे बीटमधल्या शाळांत लहान मुले आपापली गटात वाचतात, गणिते सोडवतात, ही बातमी पसरली आणि राज्यभरातून शिक्षक गाड्या करून, अनेकदा पदरच्या पैशाने, ते पाहायला गेले. याच शिक्षकांना एरवी प्रशिक्षणाला बोलावले की डोके दुखते, अशी तक्रार होती. त्यांना तिथे भाषणे ऐकायची नव्हती, मुले पाहायची होती. त्याच सुमारास ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रमाने सरसकट प्रशिक्षणे थांबवून शिक्षक मागतील ते प्रशिक्षण द्यायचे धोरण घेतले, तेही याच जाणिवेतून. मात्र या घटनेची दुसरी बाजूही सांगायला हवी. कुमठ्याहून परतल्यावर अनेक शाळांनी फरशीवर रंगीत वर्तुळे आणि चौकटी आखल्या आणि ज्ञानरचनावाद, म्हणजे मुलांनी स्वतः करून ज्ञान घडवणे, झाला असे जाहीर केले. दिसलेली गोष्ट आपल्या वर्गात उतरवताना पुढचे दोन-तीन महिने सोबत कुणी नसले, की नेमके हेच होते.

दुसरा मुद्दा माध्यमाचा. ऑनलाइन म्हणजे कमअस्सल आणि समोरासमोर म्हणजे अस्सल, असे धरून चालणारेही बरेच आहेत, आणि त्यात शिक्षक संघटनाही येतात. बॅरी फिशमन आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये अमेरिकेत एकाच पर्यावरण विज्ञान अभ्यासक्रमासाठी दोन्ही प्रकारच्या प्रशिक्षणांची तुलना केली, तेव्हा शिक्षकांच्या आणि विद्यार्थ्यांच्या निष्पत्तीत म्हणण्यासारखा फरक आढळला नाही. लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही, की तिथले प्रशिक्षण त्या शिक्षकांना लगेच शिकवायच्या ठरावीक अभ्यासक्रमाशी बांधलेले होते. उलट मोकळ्या, कुणाशीच न बांधलेल्या ऑनलाइन कोर्सचे काय होते, ते हार्वर्ड आणि एमआयटीच्या कोर्सच्या आकड्यांत दिसते. २०१७–१८ मध्ये नोंदणी केलेल्यांपैकी जेमतेम तीन टक्के लोकांनी कोर्स पूर्ण केले. आपल्याकडची शंभर टक्के आणि त्यांची तीन टक्के ही एकाच गोष्टीची दोन टोके आहेत. त्यांच्याकडे सक्ती नव्हती म्हणून लोक सोडून गेले. आपल्याकडे सोडून जाता येत नाही म्हणून लोक देहाने हजर राहिले. अ‍ॅना पोपोव्हा, डेव्हिड इव्हान्स आणि सहकाऱ्यांनी विकसनशील देशांतल्या शिक्षक प्रशिक्षणांचा आढावा घेतला, त्यातही हाच सूर आहे. ज्या कार्यक्रमांत विशिष्ट विषयावर भर होता, पाठ प्रत्यक्ष घेऊन पाहायला लावले होते, सुरुवात तरी समोरासमोर झाली होती आणि सहभागाचा बढती किंवा वेतनाशी संबंध होता, त्यांत मुलांच्या शिकण्यात जास्त वाढ आढळली. आणि सरकारे मोठ्या प्रमाणावर जी प्रशिक्षणे चालवतात, त्यांत नेमक्या याच गोष्टी कमी सापडल्या.

सगळ्यांत जास्त शिकवून जाणारा प्रयोग दक्षिण आफ्रिकेतला आहे, म्हणून त्यावर थोडे रेंगाळायला हवे. तिथल्या म्पुमलंगा प्रांतात प्राथमिक शाळांतल्या इंग्रजीच्या शिक्षकांना पाठांचे आराखडे आणि वाचनसाहित्य दिले गेले. काही शाळांत मार्गदर्शक वर्गात येऊन शिकवणे पाहत आणि सोबत बसून चर्चा करत. दुसऱ्या शाळांत तेच साहित्य टॅबलेटवर होते आणि मार्गदर्शक फोनवरून, संदेशांतून मदत करत. पहिल्या वर्षानंतर दोन्ही गट जवळपास सारखेच पुढे होते आणि दूरस्थ मार्गदर्शन स्वस्तात तेच काम करते, अशी आशा निर्माण झाली. तीन वर्षांनी पुन्हा मोजले तेव्हा फरक उघड झाला. वर्गात येणाऱ्या मार्गदर्शकामुळे मुलांच्या इंग्रजी बोलण्या-समजण्यात ०.३१ आणि वाचनात ०.१३ प्रमाण विचलनांची वाढ झाली होती. दूरस्थ गटात बोलण्यात वाढ ०.१२ एवढीच, वाचनात काहीच नाही आणि मुलांच्या मातृभाषेच्या वाचन-लेखनावर उलटा परिणाम, कारण इंग्रजीने मातृभाषेच्या तासांवर अतिक्रमण केले होते आणि ते पाहून थांबवणारे तिथे कुणी नव्हते. संशोधकांचे अनुमान असे, की तंत्रज्ञान ही अडचण नव्हतीच. शिक्षक टॅबलेट वापरत होते. समोर येणाऱ्या माणसामुळे आधारही मिळत होता आणि थोडी जबाबदारीही वाटत होती, ती फोनवरून तितकी वाटली नाही. आपल्याकडे पहिल्या वर्षाच्या आकड्यांवरच योजना राज्यभर पसरली असती, हे वेगळे सांगायला नको. मॅथ्यू क्राफ्ट आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये साठ अभ्यास एकत्र करून वर्गातल्या मार्गदर्शनाचा परिणाम मोजला, तेव्हाही तो शिकवण्यावर चांगला मोठा आणि मुलांच्या निकालावर मध्यम निघाला. मात्र कार्यक्रम मोठा होत गेला तसा परिणाम ओसरत गेला. म्हणजे मार्गदर्शकाचीही नुसती भरती करून चालत नाही.

यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो : काही शिक्षक खरोखरच कामचुकार असतात, त्यांचे काय? असतात. प्रत्येक खात्यात असतात आणि त्यांच्यासाठी सेवाशर्ती आहेत, चौकशी आहे. प्रशिक्षणाची रचना मात्र त्यांना डोळ्यांसमोर ठेवून केली, की तिची हजेरीवही होते आणि त्या हजेरीवहीचा त्रास चांगल्या शिक्षकालाच जास्त होतो, कारण कामचुकाराला ती भरण्याची युक्ती आधीपासून ठाऊक असते. गिट्लिन आणि मार्गोनिस यांनी १९९५ मध्ये असे मांडले होते की, सुधारणेला होणारा शिक्षकांचा विरोध हे अनेकदा व्यवहारज्ञान असते. कामाचे तास, अधिकार आणि वेळ यांना हात न लावता शिक्षकानेच बदलावे असे जी सुधारणा सांगते, तिच्यातली पोकळी त्यांना आधी दिसते. महाराष्ट्रातल्या शिक्षकांच्या मोर्चांमध्ये ‘आम्हाला शिकवू द्या’ ही घोषणा पुन्हा पुन्हा येते. तिच्यामागे माहितीच्या याद्या, पोर्टल, सर्वेक्षणे, निवडणुकीची आणि मतदार याद्यांची कामे यांचा ढीग आहे. या ढिगात आणखी एक लिंक येऊन पडते, तेव्हा ती शिकण्याची संधी आहे हे ओळखू येण्याची सोयच उरत नाही. गटावर सकाळी शालेय पोषण आहाराची माहिती मागितलेली असते, दुपारी आधार दुरुस्तीची आणि संध्याकाळी कोर्सच्या प्रमाणपत्राची. तिन्ही निरोपांची भाषा एकच, मुदत एकच आणि खाली दिलेली कारवाईची सूचनाही एकच.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. सक्ती काढली तर कुणीच करणार नाही. उत्साही शिक्षकच पुढे येतील आणि ज्यांना गरज आहे ते मागे राहतील. स्वेच्छेने चालणाऱ्या शिक्षक मंडळांबाबत हा अनुभव खरा आहे, हे मान्य केले पाहिजे. पण सक्ती आणि मोल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाचा सेवेतल्या शिक्षकांसाठीचा बी.एड. अभ्यासक्रम वर्षानुवर्षे भरून वाहत आला. तो दूरस्थच होता, स्वाध्याय लिहावे लागत, सुट्टीत संपर्क सत्रांना जावे लागे, पैसे खिशातले जात. त्यासाठी कुणी गटावर तक्ता टाकला नाही, कारण त्या पदवीने पुढच्या वाटा उघडत होत्या. बारा आणि चोवीस वर्षांच्या सेवेनंतरच्या वरिष्ठ आणि निवड वेतनश्रेणीसाठी जे प्रशिक्षण लागते, ते २०२२ मध्ये ऑनलाइन घेतले गेले, तेव्हा नव्वद हजारांहून अधिक शिक्षकांनी नोंदणी केली. इथे पोपोव्हा-इव्हान्स यांचा निष्कर्ष पुरेपूर पटतो आणि लगेच त्याची मर्यादाही दिसते. वेतनश्रेणी शिक्षकाला कोर्सपर्यंत आणते. कोर्सच्या आत वर्गाशी जोडलेले काही नसेल तर ती त्याला शिकवू शकत नाही. तेव्हा मोल ठेवावे, पण ते प्रमाणपत्राला न ठेवता वर्गात घेतलेल्या आणि कुणीतरी पाहिलेल्या पाठाला ठेवावे. पन्नास तासांतले तीस तास जर स्वतःच्या वर्गात करून पाहणे, शेजारच्या शाळेतल्या शिक्षकाचा पाठ पाहणे आणि मुलांचे लिखाण समोर ठेवून चर्चा करणे यांसाठी मोजले गेले आणि उरलेले वीस व्हिडिओ-वाचनासाठी, तर त्याच सक्तीचा अर्थ बदलेल.

तिसरा आक्षेप पैशांचा. सात लाख शिक्षकांच्या वर्गात माणूस पाठवणे परवडणार नाही, म्हणून तर ऑनलाइन. पण माणसांची ही साखळी महाराष्ट्रात नव्याने उभी करायची नाही. ती कागदावर आहेच. ठरावीक शाळांच्या गटामागे केंद्र आहे, केंद्रप्रमुख आहे, तालुक्याला गट साधन केंद्र आणि विषयतज्ज्ञ आहेत, जिल्ह्याला डाएट (जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था) आहे आणि दर महिन्याला केंद्राची शिक्षण परिषद भरते. या परिषदेत आज बहुतेक वेळ वरून आलेल्या सूचना वाचण्यात जातो. त्याऐवजी महिनाभरात सगळ्यांनी वापरलेल्या एकाच छोट्या कोर्सवर ती चालली तर? समजा विषय आहे दुसरीच्या मुलांना हातच्याची वजाबाकी. वीस मिनिटांचा व्हिडिओ, दोन पाठांचा आराखडा. शिक्षक तो पाठ घेतात, मुलांच्या वहीची दोन पाने फोटो काढून आणतात, एक चांगल्या मुलाच्या वहीचे आणि एक अडलेल्याच्या. परिषदेत ती पाने समोर असतात. बावन्नातून सदतीस वजा करताना कुणाचे मूल सातातून दोन काढते आणि पंचवीस उत्तर लिहिते, ही चूक प्रत्येक शाळेत सारखीच निघते, आणि ती नेमकी का होते यावर अर्धा तास चर्चा होते. इथे ऑनलाइनने आपले काम केले, तज्ज्ञाचा चांगला पाठ सगळ्यांपर्यंत सारखा पोचवला, उतरंडीच्या पायऱ्यांवर तो पातळ होऊ दिला नाही. आणि उरलेले काम माणसांनी केले. हजेरी वेगळी घ्यावी लागत नाही, कारण वहीचे पान हीच हजेरी. अशा परिषदेला येताना नाखूश शिक्षकाला निदान एक पाठ तरी घ्यावा लागेल, आणि गस्कींचे म्हणणे खरे असेल तर बदलाची सुरुवात तिथेच आहे.

नव्या पिढीचे शिक्षक आले की प्रश्न आपोआप सुटेल, असेही म्हटले जाते. त्यात फारसे तथ्य नाही. तरुण शिक्षक व्हिडिओ दुप्पट वेगाने पळवतो एवढाच फरक पडेल. तसेच कोर्समध्ये बॅज, गुणफलक, स्पर्धा घालून तो आकर्षक करण्याचे उपायही वरवरचे आहेत. ते पहिल्या आठवड्यात चालतात. त्यापेक्षा साध्या गोष्टी पहिल्यांदा व्हायला हव्यात. कोर्सची वेळ शाळेच्या कामाच्या तासांत धरली जावी, कारण ज्या कामाला नोकरीच्या वेळेत जागा नाही, ते काम महत्त्वाचे नाही असे खातेच सांगत असते. आशय मुळात मराठीत लिहिला जावा आणि तो लिहिणाऱ्यांत वर्गात शिकवणारे शिक्षक असावेत. महाराष्ट्रात अशा शिक्षकांची वाण नाही. व्हिडिओ उतरवून ऑफलाइन पाहता यावेत. दहा कोर्सपैकी कुठले चार करायचे, हे शाळेने ठरवावे. आणि ज्या अधिकाऱ्यांनी कोर्स पूर्ण करून घ्यायचा, त्यांनी तो आधी स्वतः करावा आणि त्यातला एक पाठ एखाद्या शाळेत मुलांसमोर घ्यावा. ही शेवटची सूचना खर्चाची नाही, तरी तीच सगळ्यांत अवघड जाईल.

सगळ्याचा भार अखेर मधल्या माणसावर येतो आणि तिथे राज्याची स्थिती बोलकी आहे. महाराष्ट्रात केंद्रप्रमुखांची मंजूर पदे ४,८६० आहेत. त्यांपैकी २,३८४ पदे विभागीय परीक्षेने भरण्याची जाहिरात २०२३ मध्ये निघाली आणि ती परीक्षा पुढे ढकलली गेली. पद रिक्त असलेल्या केंद्रात त्याचा कार्यभार शेजारच्या केंद्रप्रमुखाकडे किंवा एखाद्या मुख्याध्यापकाकडे असतो आणि तो आपली शाळा सांभाळून व्हॉट्सअ‍ॅप गट चालवतो. शिक्षकांना ऑनलाइन प्रशिक्षणाकडे वळवायचे असेल, तर पुढचा कोर्स जाहीर करण्याआधी ही पदे भरा.